कॅबिनेटमधले दिवे डोळ्यांवर येतात, मंद कसे करायचे?

अल्बमवाली_मिरज

नमस्कार मंडळी. मी घरी बसून लग्नाच्या अल्बमचं काम करते. मिरज, सांगली, जयसिंगपूर भागातले फोटोग्राफर फोटो पाठवतात, मी रंग दुरुस्त करून पानं लावून देते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मग रात्री एक-दीडपर्यंत बसावं लागतं.

या दिवाळीत जुना संगणक बदलला. भाच्याने भाग निवडून दिले, दुकानदाराने जोडून दिला. वेगाबद्दल काही म्हणणं नाही, मोठ्या फाइली झटकन उघडतात. त्रास आहे तो आतल्या दिव्यांचा. समोर जाळीमागे तीन पंखे आणि मागे एक, चौघांनाही गोल दिवे. रॅमच्या दोन पट्ट्या वरून उजळतात, ग्राफिक्स कार्डावर नाव झळकतं, मदरबोर्डच्या उजव्या कडेला आणखी एक पट्टी. दिवसभर इंद्रधनुष्य फिरत असतं.

टेबल खोलीच्या कोपऱ्यात आहे आणि काचेची बाजू पलंगाकडे येते. पलंगावर सासूबाई आणि माझा मुलगा झोपतात. सासूबाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना हा उजेड फार खुपतो. कॅबिनेटवर चादर टाकली तर हवा कोंडेल म्हणून तेही करत नाही. टेबल फिरवायला जागा नाही, दुसऱ्या भिंतीला प्लगच नाही.

दुसरं म्हणजे माझं काम. हळदीच्या फोटोंमध्ये नवरीच्या गालावरची हळद पिवळी राहायला हवी आणि बाकीच्या चेहऱ्यावर ती उतरायला नको. हे बारीक काम असतं. मॉनिटरमागची भिंत एकदा जांभळी, एकदा हिरवी होत असेल तर डोळा कशावर ठरवायचा? रात्री पक्का केलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो.

आतापर्यंत जे कळलं ते सांगते. कॅबिनेटच्या वर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की दिव्यांची तऱ्हा बदलते, दाबून धरलं की पंख्यांचे दिवे जातात, पण संगणक पुन्हा सुरू केला की परत इंद्रधनुष्य. मदरबोर्डच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात रॅम आणि बोर्ड दिसतात, पंखे दिसत नाहीत. संगणक बंद केल्यावरसुद्धा बोर्डाच्या कडेची पट्टी आणि माउस जळत राहतात.

एक अट आहे. मुलगा सहावीत आहे, त्याला हे दिवे मनापासून आवडतात. रविवारी तो माझ्या संगणकावर चित्रं काढतो. त्यामुळे दिवे कायमचे काढून टाकायचे नाहीत, मला हवे तेव्हा मंद किंवा बंद करता यायला हवेत. स्क्रू उघडायला मी घाबरत नाही. कुठून सुरुवात करू?

चाकण_ते_चिंचवड

ताई, सासूबाईंसाठी आजच्या आज होईल असा उपाय सांगतो. गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जा आणि काळ्या फिल्मचा तुकडा मागा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या काचांवर फिल्म लावायला मनाई केली, त्यानंतर बऱ्याच दुकानांत रोल पडून राहिले, पण घराच्या किंवा कॅबिनेटच्या काचेवर लावायला कुणाची हरकत नाही. फिल्मवर टक्के असतात. ३५ म्हणजे ३५ टक्के प्रकाश पलीकडे जातो, २० म्हणजे २०. तुम्ही २० ची घ्या.

काच काढून पलंगावर जाड चादरीवर आडवी ठेवा. साबणाचं पाणी फवारा, फिल्म आतल्या बाजूने चिकटवा, जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पाणी ओढत न्या. काच फरशीवर उभी टेकवू नका. कडक केलेली काच मध्यावर मार सोसते पण कोपरा फरशीला लागला की चुरा होतो, आणि फरशी दगडी असली की हमखास.

पण समोरच्या जाळीतून येणारा उजेड यानं थांबत नाही.

सोल्डरकाका_सांगली

ताई, फिल्म लावायची तर लावा, पण आधी मूळ दिवा हातात घेऊ. मी सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि हा प्रश्न घेऊन गिऱ्हाईक आलं की पहिली गोष्ट हीच सांगतो: आधी वायर, मग सॉफ्टवेअर. लोक तीन-चार सॉफ्टवेअरं टाकून बसतात. एकानं मंद केलेला दिवा दुसरं परत पेटवतं आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. एका संगणकावर दिव्यांचं एकच सॉफ्टवेअर ठेवायचं, बाकीची काढून टाकायची.

तुमच्या कॅबिनेटमधले दिवे एकत्र दिसतात, पण त्यांचे धनी वेगळे आहेत. रॅमचा दिवा मदरबोर्डावरच्या एसएमबस नावाच्या वाटेने हुकूम घेतो. कार्डाचा दिवा कार्डाच्याच ताब्यात. कडेची पट्टी बोर्डाची. आणि पंखे ज्याला जोडलेत त्याचे. सॉफ्टवेअरमध्ये रॅम आणि बोर्ड दिसतात, पंखे दिसत नाहीत, याचा अर्थ पंख्यांच्या दिव्यांची वायर बोर्डापर्यंत गेलेलीच नाही. मागच्या लोखंडी पाटीआड एक छोटी डबी असेल, तिला हब म्हणतात. पंखे तिला जोडलेत आणि वरचं बटण तिचंच आहे. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच कॅबिनेटांत रिसेटचं बटणच या कामाला लावतात. तुमच्याकडे वेगळं रिसेट नसेल तर समजा तेच झालंय.

पाटी उघडून बघा. संगणक बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, मागची जाड वायर काढा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे सप्लायमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) उरलेली वीज उतरते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोटं टेकवा. सध्या हवा कोरडी आहे, लोकरीचं काही अंगावर असेल तर काढून ठेवा.

आत पंख्यापासून निघणारी वायर शेवटपर्यंत बोटानं धरून जा. पंख्याला दोन वेगळ्या वायरी असतील तर तुमचं काम सोपं. चार भोकांचा प्लग पंखा फिरवतो. तीन पिनांचा, मध्ये एक जागा रिकामी सोडलेला प्लग फक्त दिव्यांचा. दिव्यांचा काढला तरी पंखा फिरत राहतो. पण पंख्यापासून एकच सहा पिनांचा प्लग निघून हबमध्ये गेला असेल तर त्याला हात लावू नका. त्यातून पंखा आणि दिवा दोन्ही चालतात, तो काढला की पंखा थांबतो आणि तुमचा प्रोसेसर तापतो. तिसरा प्रकार जुना, एकाच रंगाचे दिवे पंख्याच्याच विजेवर जोडलेले. तिथे दिवा वेगळा करता येत नाही. तुमच्याकडे रंग बदलतात म्हणजे तो प्रकार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डावर दिव्यांसाठी दोन तऱ्हेचे कनेक्टर असतात. एक १२ व्होल्टचा, सलग चार पिना. दुसरा ५ व्होल्टचा, तीन पिना आणि मध्ये एक रिकामी जागा. पहिल्यावर अख्खी माळ एकाच रंगाची होते. दुसऱ्यावर प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते, आपला हुकूम घेऊन उरलेले ती पुढच्या दिव्याकडे सरकवते, म्हणून इंद्रधनुष्य फिरू शकतं. ५ व्होल्टची माळ १२ वर लागली की चिपा जळतात आणि त्या परत जिवंत होत नाहीत. चांगल्या प्लगमध्ये ती रिकामी जागा बुजवलेली असते त्यामुळे तो चुकीच्या ठिकाणी बसतच नाही. ज्यांचे सुटे तुकडे असतात त्यांची भीती. प्लग सहज बसला नाही तर जोर लावायचा नाही, बोर्डावर शेजारी छापलेलं वाचायचं.

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. हबवर किती वायरी, कुठल्या कुठे गेल्यात, आणि एखादी लोंबकळत सोडली आहे का. लोंबकळणारी सापडली तर अर्धं काम झालं.

अल्बमवाली_मिरज

काका, पाटी उघडली. तुम्ही म्हणालात तसंच आहे. तळहातापेक्षा लहान काळी डबी दुहेरी टेपनं चिकटवली आहे. चारही पंख्यांच्या वायरी सहा पिनांच्या आहेत आणि डबीत गेल्यात. एक चपटी वायर सप्लायकडून येते, हार्ड डिस्कला लागते तसली. एक बारीक दोन तारांची वायर वरच्या बटणाकडून येते. आणि हो, एक लोंबकळणारी आहे! टाय लावून गुंडाळून ठेवली होती. तिच्या टोकाला तीन भोकं, मध्ये एक जागा बुजवलेली. प्लगवर इंग्रजीत पाच व्होल्ट लिहिलंय आणि बाण काढलाय.

बोर्डाच्या खालच्या कडेला मला तीन पिनांचा एक कनेक्टर दिसतो, बाजूला जे-रेनबो असं छापलंय. त्याच्याजवळच चार पिनांचा जे-आरजीबी आहे. लोंबकळणारी रेनबोला लावायची ना? विचारल्याशिवाय लावत नाही.

मुलगा टॉर्च धरून उभा आहे. तो विचारतोय की प्रत्येक दिव्यात चिप असेल तर ती दिसेल का.

सोल्डरकाका_सांगली

मुलाला सांगा, दिसते. पंखा बंद असताना एखाद्या दिव्यावर टॉर्च तिरपा मारायचा. पांढऱ्या चौकोनी तुकड्यात मध्यावर काळा ठिपका दिसला तर ती चिप, आणि बाजूला लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक स्फटिक. पंख्याच्या कडेवर दुधी प्लास्टिक असतं, त्यातून कदाचित दिसणार नाही. मिरजेच्या बाजारात अशा दिव्यांची सुटी पट्टी मिळाली तर त्यावर भिंगातून छान दिसतं. शोधताना डब्ल्यूएस२८१२ हा शब्द सांगा.

ताई, बरोबर ओळखलंत. लोंबकळणारी जे-रेनबोला. प्लगवरचा बाण ५ व्होल्टची बाजू दाखवतो, बोर्डावर ५ व्होल्टची पिन कुठली ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत आकृती काढून दिलेलं असतं, ते जुळवा. जे-आरजीबी म्हणजे १२ व्होल्टचा, त्याच्याकडे जायचं नाही.

बोर्डावर ताण येईल का अशी शंका असेल तर तीही सांगतो. असा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपियर खातो. चार पंख्यांत मिळून पन्नासेक दिवे धरले तर ३ अँपियर होतात, आणि बऱ्याच बोर्डांच्या कनेक्टरची मर्यादाच तेवढी असते. पण तुमच्या हबला वीज सप्लायच्या चपट्या वायरीतून मिळते. बोर्डाकडून फक्त हुकूम जाणार. म्हणून काळजी नाही. पण ती चपटी वायर काढायची नाही.

वायर लावून संगणक सुरू करा. वरचं बटण दाबून धरा, बहुतेक हबांत असं केलं की ताबा बोर्डाकडे जातो. काही हबांत सगळ्या तऱ्हा संपेपर्यंत एकेकदा दाबत जावं लागतं. ताबा गेला की सॉफ्टवेअरमध्ये जे-रेनबोच्या नावाखाली पंख्यांचे दिवे येतील. चारही पंखे एकसारखे चालतील, वेगवेगळे होणार नाहीत. त्या हबमध्ये तेवढी सोय नसते.

बंद केल्यावर जळणाऱ्या दिव्यांचं वेगळं आहे. तुमचे पंखे बंद होतात कारण चपट्या वायरीतली वीज संगणक बंद झाला की जाते. बोर्डाची पट्टी आणि माउस स्टँडबायच्या ५ व्होल्टवर जगतात, ते भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर येतच राहतात. बायोसमध्ये जा (विंडोज येण्याआधी उघडणारी बोर्डाची स्वतःची सेटिंगची पानं), पॉवरच्या पानावर ईआरपी नावाची सोय असते, ती चालू करा. मग बंद संगणकात बोर्ड जवळजवळ काहीच वीज घेत नाही. एक तोटा आहे, बंद संगणकाच्या यूएसबीवर फोन चार्ज होणार नाही.

आणि हे लक्षात ठेवा, ईआरपी पूर्ण बंद असतानाच काम करतं. स्लीपमध्ये ठेवलात तर दिवे राहू शकतात. बऱ्याच बोर्डांत स्लीपच्या वेळचे दिवे बंद करायची वेगळी सोय दिव्यांच्याच पानावर असते, ती शोधा.

छापखाना_कोल्हापूर

मी छपाईतला माणूस, वायरींचं काका सांगतायत ते पुरे आहे. मला ताईंच्या हळदीबद्दल बोलायचंय, कारण असे अल्बम शेवटी आमच्याकडे छापायला येतात आणि चेहरे हिरवट का आले यावर फोटोग्राफर आणि आमच्यात वाद होतो.

डोळा रंग एकटा बघत नाही, शेजाऱ्यांशी तुलना करून बघतो. मागची भिंत जांभळी झाली की डोळा जांभळ्याला सरावतो आणि पडद्यावरची त्वचा त्याला पिवळट-हिरवट वाटायला लागते. मग हात आपोआप किरमिजी वाढवतो. रंग फिरता असेल तर हा सराव सारखा बदलत राहतो, म्हणजे एकाच पानावरच्या दोन चेहऱ्यांना तुम्ही दोन वेगळ्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. म्हणून ताई, रंगाचं काम करताना हे दिवे मंद करून भागणार नाही. पूर्ण बंद हवेत.

'मग पांढरे ठेवते' असं म्हणाल तर तेही नको. या दिव्यांचा पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन अरुंद पट्ट्या एकत्र. पांढऱ्या भिंतीवर तो पांढरा दिसतो, पण मधले रंग त्यात जवळजवळ नसतात. छापून आलेलं पान त्याच्याखाली धरलं तर हळदीचा पिवळा आणि शालूचा सोनेरी दोन्ही फसवे दिसतात. मॉनिटरमागे दिव्याची एक साधी नळी लावा, ६५०० केल्व्हिनची (हे प्रकाशाच्या रंगाचं माप), खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेली. तुमचा मॉनिटर ६५०० वर लावलेला असेल तर भिंत आणि पडदा जुळतील. नळी मॉनिटरच्या आड राहिली पाहिजे, तिचा उजेड पडद्यावर पडता कामा नये. भिंतीला रंग देणार असाल कधी तर फिक्कट राखाडी द्या. गुलाबी आणि पिस्ता या कामाला वाईट.

आता रविवारचे दिवे. सॉफ्टवेअरमधली उजेड कमी-जास्त करायची पट्टी ५० टक्क्यांवर आणली की लोक म्हणतात काही फरकच पडला नाही, आणि ते खरं आहे. तुम्ही १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड, म्हणजे फोटोतले रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड, वापरत असाल. ते पडलेल्या प्रकाशाचा १८ टक्केच परत पाठवतं, तरी डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटतं. दिव्यांनाही हेच लागू. निम्मा वाटायला हवा असेल तर पट्टी १८-२० वर आणा. सासूबाई झोपल्यावर ५ पुरे.

आणि ५ वर फिरतं इंद्रधनुष्य ठेवू नका. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. ५ टक्क्यांवर त्यातल्या जेमतेम तेरा उरतात, म्हणून रंग बदलताना धक्के दिसतात. मंद दिवा स्थिर रंगाचा चांगला दिसतो.

रात्रीचा रंग नारिंगी किंवा लाल घ्या, निळा नको. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवलंय की अंधार पडला की लाल फुलं काळपट होतात आणि निळी उजळ दिसतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना निळ्या-हिरव्याची ओढ जास्त, लाल त्यांना जवळजवळ दिसत नाही. शिवाय आता दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यालाच जास्त दाद देतात. सासूबाईंना हा उजेड खुपतो यात नवल नाही. मोतीबिंदूची जुनी भिंग पिवळी पडलेली असते, ती निळा अडवते. ती काढून नवी स्वच्छ बसवली की निळा एकदम आत येतो. डॉक्टरांना त्रास सांगाच, पण घरातला निळा आधी कमी करा.

पेंग्विन_वाई

मी लिनक्सवाला, पण हे विंडोजवरही चालतं. ओपनआरजीबी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड, रॅम, कार्ड, कीबोर्ड एकाच खिडकीत दिसतात, आणि 'प्रोफाइल' जतन करता येतात. 'काम' नावाचं एक करा, सगळं काळं. 'रविवार' दुसरं. त्याची दोन आयकॉन डेस्कटॉपवर ठेवता येतात, कारण ते हुकुमाच्या ओळीवरूनही (खिडकी न उघडता, लिहिलेल्या हुकुमानं) चालतं.

टाकण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तुमचा बोर्ड आणि कार्ड चालणाऱ्यांच्या यादीत आहे का ते बघा. एसएमबसवर फक्त दिवे नसतात, बोर्डाचे इतर भागही असतात, आणि अनोळखी ठिकाणी लिहिणं धोक्याचं आहे. यादीत नसेल तर कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर राहा. काकांनी सांगितलेलं पुन्हा सांगतो, दोन्ही एकदम ठेवू नका.

माउस-कीबोर्डसाठी विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लायटिंग आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली सापडेल. उजेडाची पट्टीसुद्धा तिथेच. उपकरण ती पद्धत पाळणारं असलं तरच दिसतं.

अल्बमवाली_मिरज

काका, झालं! रेनबोला प्लग सहज बसला. बटण दाबून धरल्यावर पंखे क्षणभर विझले आणि मग बोर्डाच्या पट्टीच्याच रंगाचे झाले. सॉफ्टवेअरमध्ये आता पंखे दिसतात.

ओपनआरजीबीच्या यादीत माझं कार्ड नव्हतं म्हणून कंपनीचंच ठेवलं. त्यात तीन प्रोफाइल केलेत. कामाच्या वेळी सगळं बंद. रात्री फाइली कॉपी होत असताना किंवा पानं एक्सपोर्टला लावली की नारिंगी ५ वर, म्हणजे खोलीत उठणाऱ्याला टेबलाचा कोपरा लागत नाही. आणि रविवारचं मुलानं स्वतः बनवलं, समुद्री हिरवा, २० वर. १८ टक्क्यांचं गणित ग्रे कार्ड हातात घेऊन त्याला समजावलं, मग त्यानं पट्टी १०० वरून खाली आणत आणत निम्मं कुठे वाटतं ते स्वतः बघितलं. तो २२ वर थांबला.

ईआरपी चालू केल्यावर पट्टी आणि माउस दोन्ही बंद होतात. आता भिंतीवरचा स्विच रोज बंद करावा लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, आता भिंतीकडे तोंड करून झोपायला नको.

कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेली नळी आणली, मॉनिटरच्या मागे लावली. काल एका हळदीची पानं रात्री केली आणि सकाळी खिडकीच्या उजेडात उघडून बघितली, चेहरे तेच होते. एकदा छापून आल्यावर नक्की कळवते.

दोन गोष्टी उरल्यात. संगणक सुरू होताना विंडोज येईपर्यंत पंखे थोडा वेळ इंद्रधनुष्य दाखवतात. आणि ग्राफिक्स कार्डावरचं नाव कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही दिसत नाही, ते पांढरं जळतंच आहे. तिथे कार्डाची कंपनी वेगळी आहे.

सोल्डरकाका_सांगली

फार छान केलंत ताई. विचारून लावलंत म्हणून पंखे शाबूत राहिले. माझ्याकडे जळलेले पंखे घेऊन येणारे पुष्कळ आहेत.

सुरुवातीचं इंद्रधनुष्य म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या आठवणीतली तऱ्हा. सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत तीच चालते. बायोसमध्ये दिव्यांचं पान असेल तर तिथे बंद करून बघा. काही बोर्डांत तिथलं बंद म्हणजे कायमचं बंद, मग विंडोजमधूनही पेटत नाही. तसं झालं तर परत चालू करा आणि ते थोडकं इंद्रधनुष्य राहू द्या.

कार्डासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल. मी एका संगणकावर एकच म्हणालो, पण इथे एक वाट आहे. बऱ्याच कार्डांत दिव्याची तऱ्हा कार्डावरच जतन होते. टाका, दिवा बंद करा, जतन करा, संगणक पूर्ण बंद करून सुरू करा. दिवा बंदच राहिला तर सॉफ्टवेअर काढून टाका. टाकताना ते रॅमवरही हक्क सांगायला लागलं तर त्यात रॅमची खूण काढा, नाहीतर तुमची तीन प्रोफाइलं बिघडतील.

जतन होत नसेल तर कार्ड उघडायला जाऊ नका, वॉरंटी आहे. वायरमनकडची काळी इन्सुलेशन टेप कार्डावरचं नाव झाकेल एवढीच कापून वरून लावा. कार्डाच्या पंख्यांच्या पात्यांवर किंवा पत्र्यातल्या फटींवर ती येता कामा नये, तिथून गरम हवा बाहेर पडते. आणि उन्हाळ्यात एकदा बघा, मिरजेतल्या एप्रिल-मेच्या उष्म्यात त्या टेपचा गोंद सैल होऊन ती सरकते. कापडी टेप घेतली तर टिकते.

छापखाना_कोल्हापूर

ताई, पानं छापायला द्याल तेव्हा एका कोऱ्या कोपऱ्यात ग्रे कार्डाचा फोटो बारीक टाकून पाठवा, कटिंगमध्ये जाईल अशा जागी. आमच्याकडचा माणूस तो राखाडी तटस्थ आलाय का तेवढं बघेल. तो बरोबर आला आणि तरी चेहरे हिरवट आले तर दोष आमच्या मशिनचा, आणि पान आम्ही परत छापून देऊ.